साडेबारा इंचांचा दस्ता

फॉर्मवरचा सातवा प्रश्न होता, बंदुकीच्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर किती हवं. मी लिहिलं, साडेबारा इंच. लिहिण्याआधी तीनदा मोजलं होतं. एकदा माझं मी, एकदा नवऱ्याकडून, आणि एकदा लॅबमधली स्टीलची पट्टी घरी आणून. तिन्ही वेळा साडेबाराच आलं. माझी उंची पाच फुटांना जेमतेम टेकते, हात त्या बेताचेच. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

आणि मोजणं हीच तर माझी नोकरी होती. अमेरिकेत, कोलंबसमधल्या एका रंगाच्या कारखान्यात मी केमिस्ट होते. पत्र्यावर चढलेल्या रंगाच्या थराची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची आणि पसंत पडली नाही तर अख्खी बॅच परत पाठवायची, हे माझं काम. माझा आकडा चुकलाय असं कारखान्यात कुणी कधी म्हटलं नाही. ते म्हणायला डोंगरातला एक बंदुका करणारा म्हातारा भेटावा लागला.

ही भानगड सुरू झाली आमच्या लॅबमधल्या एका वयस्कर टेक्निशियनमुळे. दर शनिवारी तो जुन्या पद्धतीच्या बंदुकांच्या नेमबाजीला जायचा. एका उन्हाळ्यात त्याने सगळ्या लॅबला तिकडे पिकनिकला नेलं. बाकीचे मक्याची कणसं खात बसले. मी मात्र त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कारण तो जे करत होता ते मला फार ओळखीचं वाटलं. मापाने दारू घ्यायची, नळीच्या तोंडातून आत सोडायची. फडक्याच्या तुकड्यात शिशाची गोळी बसवायची आणि लाकडी गजाने ठासायची. बाजूच्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू घालायची, तिला आपल्याकडे रंजक म्हणतात. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली चकमक पोलादावर घासते, ठिणगी रंजकीवर पडते, ती आग एका बारीक भोकातून आत शिरते आणि बार होतो. गंधक, कोळसा, सोरा. माझंच शास्त्र होतं ते, फक्त दोनशे वर्षं जुन्या कपड्यांतलं.

"ट्राय करणार?" त्याने विचारलं.

मी बंदूक डाव्या खांद्याला लावली. मी डावखुरी. शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून लिहायचा हात उजवा करून घेतला, पण बाकी सगळं मी डाव्यानेच करते आणि नेमही डाव्या डोळ्यानेच लागतो. चाप ओढला आणि रंजकीचा भडका थेट माझ्या गालासमोर उडाला. उजव्या हाताच्या बंदुकीला ती वाटी उजवीकडे असते. उजवा माणूस गाल डावीकडे टेकवतो, त्यामुळे भडका त्याच्यापासून लांब. माझा गाल बरोबर त्याच्या शेजारी. चष्मा होता म्हणून निभावलं. भुवईचे चार केस जळले आणि त्यांचा वास दिवसभर नाकात राहिला.

पण गोळी समोर टांगलेल्या कागदावर लागली होती. आणि चाप ओढल्यापासून बार होईपर्यंतचा तो क्षण, ज्यात काहीही न करता, श्वाससुद्धा न घेता नुसतं थांबायचं असतं, तो मला फार आवडला. माझ्या दिवसात तसा दुसरा क्षण नव्हता. सकाळी मुलीचा डबा, मग हायवे, मग लॅब, येताना ग्रोसरी, परत आल्यावर स्वयंपाक. थांबायची सवयच मोडली होती.

"डाव्या हाताची तयार मिळत नाही," टेक्निशियन म्हणाला. "करून घ्यावी लागेल. दक्षिणेला डोंगरात एक जण आहे. उत्तम करतो. पण जरा..." त्याने पुढचा शब्द शोधला आणि सापडला नाही म्हणून सोडून दिला. तो शब्द काय होता ते मला पुढच्या तीन वर्षांत कळलं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा पेपर खाली न ठेवता म्हणाला, "तू अंडंसुद्धा खात नाहीस."

"मी कुठे कुणाला मारणार आहे? कागदावर मारणार."

"कागदाला भोकं पाडायला पंच मिळतो."

मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिचं म्हणणं, "मॉम, धिस इज सो वियर्ड." तरी मी पत्र टाकलं. पत्रच, कारण म्हाताऱ्याला फोन आवडत नसे. त्याने हाताने लिहिलेला फॉर्म पाठवला, मी भरला, आगाऊ रकमेचा चेक जोडला. डाव्या हाताची. मेपलचं लाकूड. नळी छत्तीस इंची, हलकी. दस्ता साडेबारा. खाली सही, नावाची आद्याक्षरं आणि आडनाव.

उत्तर आलं, "प्रिय मिस्टर" असं, पुढे माझं आडनाव चुकीच्या स्पेलिंगमध्ये. ऑर्डर मिळाली, दीड वर्ष लागेल.

मी लगेच कळवलं की मी मिस्टर नाही, मिसेस आहे. पुढचं पत्र पुन्हा मिस्टर. मग मी 'मिसेस' शब्दाखाली दोन रेघा ओढून पाठवलं. तिसरं पत्र: "प्रिय मिस्टर, आपल्या मिसेसना माझा नमस्कार सांगावा." नवऱ्याने ते मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. मी नाद सोडला.

नवऱ्याला तर आयतं खाद्यच मिळालं. मराठी मंडळाच्या प्रत्येक जेवणात तो सुरू व्हायचा. "आमच्याकडे रणरागिणी आहे बरं का. जपून." मग बायका माझ्याभोवती जमायच्या. "खरंच शिकार करणार तू?" "अगं, घरात पोरगी आहे." पुण्याच्या एक काकू म्हणाल्या, "विणकाम का नाही करत? हातही गुंततात आणि स्वेटरही होतो." त्या बिचाऱ्या मनापासून सांगत होत्या. मी दर वेळी चकमक, रंजक, कागद सगळं समजावून सांगायचे आणि दर वेळी शेवटी कुणीतरी विचारायचं, "पण हरणं कुठे मिळतात?"

दीड वर्षातलं पहिलं वर्ष कुलपाची वाट बघण्यात गेलं. घोडा, चकमक आणि स्प्रिंग मिळून जो भाग होतो त्याला तिकडे लॉक म्हणतात, आणि डाव्या हाताचं लॉक ओतणारे फारच थोडे. म्हातारा पत्रातून कळवायचा, "लॉक अजून आलेलं नाही. पाऊस खूप झाला. बायकोचा गुडघा दुखतो." पुढचं पत्र: "लॉक आलं, पण उजव्या हाताचं. परत पाठवलं. गाय व्याली." त्याच्या गायीची मला इत्थंभूत माहिती होती. माझ्या बंदुकीची नव्हती.

शेवटी टेक्निशियनकडून फोन नंबर मिळवला आणि लंच ब्रेकमध्ये लॅबमधून फोन करू लागले. फोन त्याची बायको उचलायची. गोड बाई, पण तिच्याकडून कधी काही कळेल तर शपथ.

"ते शेडमध्ये आहेत."

"त्यांना बोलावता का?"

"शेडमध्ये असले की बोलावलेलं चालत नाही त्यांना."

"मग निरोप द्या. डाव्या हाताच्या बंदुकीचं काय झालं, एवढं विचारा."

"हो, हो. तुमच्या साहेबांना सांगा, काळजी करू नका म्हणावं."

पहिल्यांदा माझ्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या फोनला कळलं की ती मला कुणाची तरी सेक्रेटरी समजत होती. "साहेब नाहीत हो, बंदूक माझीच आहे," मी सांगितलं. त्यावर ती हसून म्हणाली, "मी पण ह्यांच्या सगळ्या गोष्टींना माझ्याच म्हणते." फोन ठेवला आणि पुढचा अर्धा तास मी इतक्या रागात पत्रे तपासले की तीन चांगल्या बॅचेस नापास केल्या.

दीड वर्ष उलटलं. त्यावर दोन महिने गेले. आणि एक दिवस पाकिटातून फोटो आला.

फोटो मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बघितला. बंदूक अजून कोरी होती, लाकडाला तेल लावलेलं नव्हतं, पण काय देखणी. मेपलमध्ये वाघाच्या पट्ट्यांसारख्या आडव्या लहरी. लॉक डावीकडे, जिथे हवं तिथे. दस्त्यावर पितळी पट्टी, तिच्यात फडक्याचे तुकडे ठेवायच्या खणाचं छोटं झाकण. इतक्या दिवसांचा वैताग मी जवळजवळ विसरले होते. मग काहीतरी खुपलं. दस्ता लांब दिसत होता.

मी मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी आणली. फोटो अगदी बाजूने, सरळ काढलेला होता. नळी छत्तीस इंची हे ठाऊक होतं. फोटोत ती भरली एकशेआठ मिलिमीटर, म्हणजे एका इंचाला तीन. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत एक्केचाळीस. भागाकार केला. साडेतेराच्या वर, पावणेचौदाच्या आसपास.

"फोटोवरून मोजतेस?" नवरा म्हणाला. "कॅमेऱ्याचा अँगल असेल."

"अँगलने नळी लहान होत नाही आणि दस्ता मोठा होत नाही."

"तो चाळीस वर्षं बंदुका करतोय गं."

"मी बारा वर्षं मोजतेय."

पत्र टाकलं. आठवड्याने उत्तर आलं. ते पत्र पुढे कित्येक वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, त्यामुळे मजकूर पाठ आहे. "प्रिय मिस्टर, दस्ता पावणेचौदाच आहे, तुम्ही बरोबर ओळखलंत. फॉर्मवर तुमच्या हातून साडेबारा लिहिलं गेलं होतं. वाढलेल्या पुरुषाचा हात एवढा आखूड नसतो. नवीन गिऱ्हाइकांची ही चूक नेहमी होते. मी ती दुरुस्त केली आहे. आभार मानायची गरज नाही."

मी शनिवारी सकाळी गाडी काढली. नवरा म्हणाला, "मी येतो. तू त्याला गोळी घालशील."

"बंदूक आहे का माझ्याकडे?" मी म्हणाले.

मुलीला मैत्रिणीकडे सोडलं आणि दक्षिणेला निघालो. दोन तास. शेवटचा अर्धा तास वळणावळणाचा कच्चा रस्ता, नवरा नकाशा उलटा धरून बसलेला. घर टेकडीच्या उतारावर होतं, मागे लाकडी शेड. दार म्हाताऱ्याच्या बायकोने उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि त्याच्याशी हात मिळवून म्हणाली, "तुम्हीच ते डाव्या हाताचे?"

नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणा केला. एक पाऊल मागे सरकला आणि बोटाने मला दाखवलं.

"मीच ती," मी म्हणाले. तिने माझा आवाज ऐकला मात्र, तोंडावर हातच ठेवला. "अरे देवा. तुम्ही सेक्रेटरी नाही."

"नाही."

"तुम्ही सांगितलंत मला."

"पुष्कळदा."

ती आम्हाला शेडकडे घेऊन गेली. म्हातारा उंच, वाकलेला, कानांत भुसा. त्याने तिचं म्हणणं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या कोपराच्या थोडी वर येत होते. मग भिंतीवरून बंदूक काढली आणि माझ्या हातात दिली.

मी ती डाव्या खांद्याला लावली. बोट चापाच्या पुरतं एक पेर अलीकडे राहिलं. मान ताणली, खांदा मागे नेला, तरी नाही. फोटोपेक्षा ती प्रत्यक्षात दहा पटीने सुंदर होती आणि माझ्या काही उपयोगाची नव्हती.

त्याने खुंटीवरची लाकडी मोजपट्टी काढली, माझं कोपर वाकवून धरलं, मोजलं. पुन्हा मोजलं.

"साडेबारा," तो म्हणाला.

"साडेबारा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "वीस महिन्यांपूर्वीही साडेबाराच होतं."

तो काही सॉरी म्हणाला नाही. पट्टी खुंटीला लावली, परत काढली. इतक्यात माझ्या नवऱ्याने, ज्याने आजवर रणरागिणीचा विनोद तीस वेळा केला होता, मी बाकावर ठेवलेली बंदूक उचलून खांद्याला लावली. डाव्या. दस्ता त्याला मापात बसला. अगदी मापात. बोट चापावर अलगद टेकलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "बघा! पुरुषाला पावणेचौदाच लागतो."

"मस्त आहे गं," नवरा मराठीत म्हणाला, एक डोळा मिटून शेडच्या कौलांवर नेम धरत. "वजन काय सुरेख तोललंय."

"खाली ठेव," मी म्हणाले. ते असं म्हणाले असेन की मराठी न येणाऱ्या म्हाताऱ्यानेही हात खाली केले.

मी म्हातारबुवांना सांगितलं, सव्वा इंच कापून टाका. करवत तुमच्या मागेच टांगलीय. मी थांबते.

"नाही."

"का नाही?"

"पितळी झाकण टोकाशी जाईल. दस्त्याचं वळण मोडेल. ठेंगणी, बेढब दिसेल."

"मला दिसण्याशी देणंघेणं नाही. मला चाप पुरला पाहिजे."

"मला आहे," तो म्हणाला. "नवीन करीन. पहिल्यापासून."

"किती दिवस?"

त्याने शेडच्या छताकडे बघितलं. "वर्षभर."

मला तिथे मटकन बसावंसं वाटलं, आणि एक स्टूल होतं त्यावर बसलेसुद्धा. भांडले. आकडा माझा बरोबर होता, चूक त्याची होती, आणि शिक्षा मला. हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं, मध्येच मराठीवर घसरले, परत इंग्रजीत आले. तो शांतपणे ऐकत राहिला. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी भांडता येतं, पण हा लाकडाच्या ओंडक्यासारखा उभा.

त्याची बायको ॲपल पाय घेऊन आली. मला बशी देताना हळूच म्हणाली, "चूक झाली असं ते तोंडाने म्हणणार नाहीत. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, अजून म्हणायचेत. पण ती चांगली बंदूक ते बाजूला ठेवताहेत ना, तेच त्यांचं म्हणणं समजा." मला तो खायचा नव्हता. खाल्ला. फार चांगला होता, तेही मला आवडलं नाही.

शेवटी मी एकच अट घातली. त्याने मेपलची नवी फळी काढली. मी पेन्सिल मागून घेतली आणि त्या फळीवर ठळक लिहिलं, साडेबारा. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट, बरोबर स्पेलिंगमध्ये. आणि कंसात 'बाई'. त्याने ते वाचलं, मान हलवली आणि फळी बाकावर ठेवली.

परतीच्या रस्त्यावर नवरा नकाशाची घडी घालत बसला. मग म्हणाला, "पहिली कुणाला विकेल तो?"

"तुला का?"

"सहज."

"तू उजवा आहेस."

"हो, तेही आहेच," तो म्हणाला. त्यानंतर मंडळात त्याने तो विनोद केला नाही. उलट कुणी हरणांचं विचारलं की तोच समजावून सांगायला लागला, रंजक म्हणजे काय, घोडा म्हणजे काय, आणि निम्मं चुकीचं सांगायचा. ते बरोबर करत बसायचं नवं काम माझ्या मागे लागलं.

वर्ष म्हणता म्हणता चौदा महिने झाले. या वेळी मी फोन केला नाही. पत्र आलं की पाकिटावर मिसेस असायचं, आणि आत पुन्हा गाय, पाऊस, गुडघा. मुलगी सहावीत गेली, माझ्याहून उंच झाली. मग एका ऑक्टोबरात म्हाताऱ्याच्या बायकोचाच फोन आला. "तुमची झाली. लवकर या, नाहीतर ते परत हात लावतील."

आम्ही दोघं पोचलो तेव्हा शेडमागच्या उतारावर म्हाताऱ्याने कागद टांगून ठेवला होता. झाडं सगळी पिवळी-तांबडी झालेली. बंदूक खांद्याला लावली आणि बोट चापावर आपोआप जाऊन बसलं, जणू दुसरीकडे जायला जागाच नव्हती. दारू मोजली, गोळी ठासली, रंजक घातली. चाप ओढला. फस्स झालं. रंजक जळली, बार झालाच नाही. तीन वर्षांनी हे.

"भोक साफ करा," म्हातारा म्हणाला, जणू दोष माझाच.

बारीक सुईने भोक साफ केलं. पुन्हा रंजक. चाप ओढला आणि थांबले. भडका पलीकडे उडाला, माझ्यापासून लांब, मग बार. धूर गेल्यावर मध्याच्या वर, डावीकडे दोन बोटांवर भोक दिसलं. माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी आणखी सहा बार केले. शेवटचे तीन एका वाटीत मावतील इतके जवळ.

या माणसाला काय सुनवायचं ते मी तीन वर्षं तयार करत आले होते. गाडी चालवताना, पोळ्या लाटताना, पत्रे तपासताना. पुष्कळ चांगली वाक्यं होती त्यात.

"कशी वाटते?" त्याने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणाले.

"ठीक?" त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. "नुसती ठीक?"

"मापात आहे."

तो बंदूक परत घेऊन वळवून वळवून बघू लागला. झाकणाच्या बिजागरीवर नख फिरवलं. लॉकच्या स्क्रूवर थांबला. "हा स्क्रू," तो म्हणाला, "याची खाच नळीच्या रेषेत नाही. आठवडाभर ठेवा. नीट करून देतो."

मी त्याच्या हातातून बंदूक सोडवून घेतली. सोडवूनच घ्यावी लागली. मागच्या सीटवर गोधडी अंथरली होती, तिच्यात गुंडाळली, दार लावलं, नवऱ्याला शेजारी बसवलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. तो काठी टेकत गाडीपर्यंत आला. "दोन दिवस," खिडकीतून म्हणाला. "दोनच दिवस. खाच दिसतेय मला इथून."

मी त्याच्या बायकोला हात केला, काच वर चढवली आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकली.